खोपोलीची चढण आणि चाकाची खोली

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं चौक, खालापूर असं पुढे निघालं की समोरची सह्याद्रीची भिंत हळूहळू मोठी होत जाते आणि खोपोलीला रस्ता थेट तिच्या पायाशी येऊन उभा राहतो. इथवरची वाट जवळजवळ सपाट. गाव समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटर उंचीवर. इथून पुढच्या आठ-नऊ किलोमीटरांत खंडाळा गाठायचं म्हणजे जवळपास पाचशे मीटर वर चढायचं. मोटारीत बसलेल्या माणसाच्या कानात दडा बसतो, एवढंच त्याला कळतं. सायकलवर बसलेल्याला मात्र त्यातला प्रत्येक मीटर मोजून द्यावा लागतो.

आज मी बोलणार आहे ते या चढणीविषयी आणि सायकलच्या चाकातल्या एका लहानशा मापाविषयी. ते माप म्हणजे रिमची खोली. चाकाचा घेर म्हणजे रिम. टायर बसतो त्या कडेपासून आत हबच्या दिशेनं ही रिम किती उतरते, ते माप मिलिमीटरमध्ये सांगतात. आपल्या घरच्या काळ्या सायकलची रिम आत फारशी उतरतच नाही. शर्यतीच्या सायकलींची मात्र कधी तीस मिलिमीटर असते, कधी पन्नास, कधी ऐंशी. जाडजूड काळ्या कड्यासारखी चाकं लावलेल्या सायकली आता रविवारी सकाळी खोपोलीच्या चहाच्या टपऱ्यांसमोर ओळीनं उभ्या दिसतात. त्या चाकांची एक जोडी काही वेळा अख्ख्या मोटारसायकलच्या किमतीची असते. एवढे पैसे घालून माणूस नेमकं काय विकत घेतो, आणि ते या घाटात उपयोगी पडतं का, असा हा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी रस्त्याची ओळख करून घ्यावी लागेल.

बोरघाटात चाक आलं तेच मुळी उशिरा. शतकानुशतकं हा घाट बैलांच्या पाठीवरून चालला. तांडे वर जायचे, खाली यायचे. गाडी मात्र पायथ्याशी थांबायची. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीनं तोफा नेता येतील अशी वाट करून घेतली. पण खरा गाडीरस्ता झाला तो मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात. १० नोव्हेंबर १८३० रोजी तो रस्ता वाहतुकीला खुला झाला. त्याच रस्त्याची आठवण म्हणून उभा असलेला, लोकांच्या तोंडी अमृतांजन पूल झालेला पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. रस्ता आखणाऱ्यांसमोर हिशोब होता तो भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाचा. बैलाला जेवढा चढ सोसेल तेवढाच द्यायचा आणि उरलेली उंची वळणांमध्ये वाटून टाकायची. आज सायकलवाला ज्या चढावर घाम गाळतो, त्या चढाचं माप असं बैलाच्या खांद्यावर ठरलेलं आहे. म्हणूनच तो एकदम छाताडावर येत नाही. सरासरी शंभर मीटरला पाच-सहा मीटर, मधे दोन-तीन ठिकाणी त्याहून बरीच खडी चढण, असा तो चढत राहतो.

आगगाडीचंही तसंच. १८५६ पासून काही वर्षं रेल्वे खोपोलीपर्यंत येऊन थांबत असे. पुढे खंडाळ्यापर्यंतचा प्रवास पालखीनं, तट्टूवरून नाहीतर बैलगाडीनं. १८६३ साली रुळांनी घाट सर केला, पण सदतीस फुटांना एक फूट या चढापुढे एका इंजिनाचं काही चालेना. मागून ढकलणारी इंजिनं जोडावी लागली आणि त्यासाठी गाड्या कर्जतला थांबू लागल्या. कर्जतच्या वड्याची कीर्ती या थांब्यामुळे वाढली, हा त्यातला लोकांना झालेला फायदा. घाटाची वाट साहेबाला एका धनगरानं दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला, असं सांगतात. त्या शिंग्रोबाचं देऊळ घाटात आहे आणि आजही वाहनं तिथं क्षणभर थबकतात.

आणखी एक चाक खोपोलीत आहे, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९१५ मध्ये टाटांचं वीजकेंद्र इथं सुरू झालं. वरच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली येतं आणि पेल्टन जातीच्या चाकांवर आदळतं. त्या पाण्याच्या उतरण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी जेवढं उतरतं, साधारण तेवढंच सायकलवाला चढतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

मुंबई-पुणे सायकल शर्यत हे आपल्याकडचं एक जुनं आणि लाडकं प्रकरण. मधे मधे खंड पडला, पण अनेक दशकं ही शर्यत लोकांच्या मनात घर करून आहे. खोपोली, खंडाळा, लोणावळा इथं रस्त्याच्या कडेला माणसं उभी राहत, कुणी पाण्याचे पेले पुढे करत, कुणी स्वारांच्या अंगावर पाणी मारत. आणि या शर्यतीत पुण्याला पहिला येणाऱ्याच्या जोडीनं आणखी एक मान असे. घाटाच्या माथ्यावर जो पहिला पोचेल तो ‘घाटाचा राजा’. जगातल्या मोठ्या शर्यतींतही डोंगरांच्या राजाचा वेगळा मान असतो. पण त्यांना डोंगर पुष्कळ. आपल्याकडे राजा व्हायला एकच घाट, आणि तो खोपोलीला सुरू होतो. घाटाचा राजा आणि पुण्याचा विजेता हे दोन वेगळे गडी असू शकतात. चाकाच्या निवडीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

त्या जुन्या काळी निवडीला वाव तरी किती होता? पोलादी रिम, अठ्ठावीस इंची चाक, पुढे बत्तीस आणि मागे चाळीस स्पोक, ही आपल्या रस्त्यांवरची नेहमीची सायकल. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, गिरणी कामगार, सगळे हिच्यावरच. शर्यतीत उतरणाऱ्याची पहिली धडपड असे ती कुठून तरी हलकी अ‍ॅल्युमिनियमची रिम मिळवायची. आयातीवर निर्बंध होते. बाहेरगावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून रिमची जोडी यायची आणि ती वर्षानुवर्षं जपली जायची. स्पोक तुटला तर नवा घालून, चाक डोलायला लागलं तर आउट काढून. उत्तम आउट काढणारा मिस्त्री हा त्या काळात प्रशिक्षकाइतकाच मोठा माणूस. चाक उलटं टांगून, नजर रिमच्या काठावर, हातात छोटी चावी, आणि निपलला पाव-पाव फेरा देत तो असा रंगून जाई की मधे बोललेलं त्याला ऐकूही येत नसे.

हलक्या रिमचं हे वेड आपल्यापुरतंच नव्हतं. युरोपातही शर्यतीच्या चाकाचा इतिहास बराच काळ वजन कमी करण्याचाच इतिहास होता. आधी लाकडी रिम. मग १९३४ मध्ये मॅव्हिक या फ्रेंच कारखान्यानं ड्युरॅल्युमिनची रिम काढली. त्या वर्षीची फ्रान्सची मोठी शर्यत जिंकणाऱ्या आँतोनँ मान्यच्या सायकलला ती होती आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून ती लाकडासारखी रंगवली होती, अशी कथा सांगितली जाते. त्या शर्यतीत १९३७ पर्यंत गिअर बदलण्याची साखळीची यंत्रणाही चालत नसे. स्वार डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूचं मोठं दातेरी चक्र साखळीत यायचं, आणि मग चढायला लागायचे. आपल्या डोळ्यांपुढे खोपोली आणा. पायथ्याशी थांबून चाक फिरवणारे पन्नास-साठ गडी! आता ते होत नाही. आता चाक आदल्या रात्री ठरतं आणि सपाटीला, घाटाला, पठाराला तेच पुरवावं लागतं.

वाऱ्याकडे सायकलवाल्यांचं लक्ष गेलं ते बरंच उशिरा. जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरनं एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम दोनदा मोडला. दुसऱ्या खेपेला त्यानं ५१.१५१ किलोमीटर कापले. त्याच्या सायकलला स्पोकच नव्हते. बंद तबकड्यांसारखी चाकं होती. तबकडी जड होती, तरी विक्रम झाला. वजनाचा एवढ्या वर्षांचा धाक त्या दिवशी थोडा सुटला. पण तबकडीचं पुढचं चाक रस्त्यावर चालत नाही. बाजूनं वारा आला की ते शिडासारखं वागतं. मग मधला मार्ग निघाला, की स्पोक ठेवायचे पण रिम आत खोलवर उतरवायची. १९९० च्या दशकात अशा खोल रिमा शर्यतींत सर्रास दिसू लागल्या. आधी अ‍ॅल्युमिनियमच्या, मग कार्बनच्या.

खोल रिम वारा का कापते, ते सोपं आहे. सायकल ताशी चाळीस किलोमीटर वेगानं जात असेल, तर जमिनीला टेकलेला चाकाचा बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि सगळ्यात वरचा बिंदू ऐंशीच्या वेगानं पुढे जात असतो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वर तो चौपट. तिथं स्पोक हवा घुसळत असतात, ताकातल्या रवीसारखे. रिम खोल केली की स्पोक आखूड होतात आणि ताठ रिमला स्पोकही कमी लागतात. छत्तिसांच्या जागी वीस-चोवीस पुरतात. शिवाय टायरवरून सरकलेली हवा एकदम न फाटता रिमच्या अंगावरून मागे जाते.

यात एक गंमत आहे. चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागात वाऱ्याला आधी टायर भेटतो आणि मग रिम. मागच्या अर्ध्या भागात उलटं, आधी रिमची आतली कड आणि मग टायर. म्हणून रिमची आतली कड सुरीसारखी धारदार केली तर पुढच्या अर्ध्यात ती चांगली आणि मागच्या अर्ध्यात वाईट. अमेरिकेतल्या स्टीव्ह हेड या कारागिरानं ही गोष्ट हेरली आणि पोट फुगलेली, आतून गोलसर अशी रिम केली. आजच्या बहुतेक खोल रिमा थोड्याफार त्याच घडणीच्या. आणखी एक पथ्य असं की टायर रिमपेक्षा रुंद होऊन बाहेर फुगला, तर हवा तिथंच फाटते आणि खोलीचा फायदा बराचसा वाया जातो. आपल्या रस्त्यांवर अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचा टायर हवाच. मग रिमही तेवढी रुंद पाहिजे. गिऱ्हाईक खोली विचारतं, रुंदी विचारत नाही.

आता घाटाचा हिशोब करू. सत्तर किलोचा स्वार, आठ किलोची सायकल. खोल रिमांची जोडी उथळ जोडीपेक्षा तीनशे ग्रॅम जड धरा. म्हणजे पाण्याची अर्धी बाटली. अठ्ठ्याहत्तर किलोत तीनशे ग्रॅम म्हणजे हजारी चार भागसुद्धा नाहीत. चांगल्या हौशी स्वाराला खोपोली ते खंडाळा अर्धा तास लागतो असं धरलं, तर या जादा वजनानं त्याचे वाया जातील सहा सेकंद. फार तर सात. सायकलवाल्यांत एक जुनी समजूत आहे की चाकातलं एक किलो म्हणजे सांगाड्यातले दोन किलो. ती वेग वाढवताना काही अंशी खरी आहे, कारण चाक पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं. पण एकसारख्या गतीनं चढत असताना गुरुत्वाकर्षणाला वजन कुठं आहे याच्याशी देणंघेणं नाही. खिशातलं असो की चाकातलं, वर न्यायला तेवढीच ताकद लागते.

उलट बाजूचा हिशोब पाहा. लोणावळ्यापासून कामशेत, वडगाव, तळेगाव करत पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर. एखादा गडी घाटमाथ्यावर एकटा पुढे निसटला आणि ताशी चाळीसनं सुटला, तर त्याला सुमारे अडीचशे वॅट शक्ती लावावी लागेल. छत्तीस स्पोकच्या जुन्या उथळ चाकांऐवजी पन्नास मिलिमीटरची चाकं असतील, तर त्यातले साधारण पंधरा वॅट वाचतात. म्हणजे साठ किलोमीटरांत जवळपास पावणेदोन मिनिटं. आजच्या चांगल्या तीसच्या रिमशी तुलना केली तर बचत चार-पाच वॅटची, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. घाटात गमावलेल्या सहा सेकंदांपुढे हे कितीतरी जास्त आहे. कागदावर खोल रिम जिंकली. हे आकडे चाकाचाकागणिक थोडे बदलतील, पण त्यांचा कल बदलणार नाही.

मग जुने लोक घाटासाठी हलक्या चाकाचा हट्ट धरायचे ते खुळे होते का? मला तसं वाटत नाही, आणि याच ठिकाणी कागदावरचा हिशोब अपुरा पडतो. चढावर सेकंदाला पाच मीटर या गतीनं सहा सेकंद म्हणजे तीस मीटर. माथ्यावर पुढच्या टोळीच्या मागे तीस मीटर राहिलेला गडी एकटा आहे. टोळीतले लोक एकमेकांच्या आडोशानं जातात. मागच्याला वाऱ्याचा अडथळा दोन-तृतीयांशावर येतो, कधी त्याहूनही कमी. माथा ओलांडताच ती टोळी पस्तीस-चाळीसनं सुटते आणि तीस मीटरांचे बघता बघता तीनशे होतात. ते अंतर त्यानं एकट्यानं भरून काढायचं, तेही नुकतंच छातीचा भाता फुटेपर्यंत चढल्यावर. ज्याचा दम टोळीबरोबर माथा गाठायला जेमतेम पुरतो, त्याच्या बाबतीत सहा सेकंदांची किंमत सहा मिनिटं होऊ शकते. उलट जो चढावर मुळातच पुढे आहे, त्यानं जड पण वारा कापणारं चाक लावावं आणि पठारावर एकटं निसटावं. शिवाय ज्याला फक्त घाटाचा राजा व्हायचंय, त्याला पुण्याच्या वाऱ्याची फिकीर करायचं कारणच नाही. त्यानं हलक्यातलं हलकं चाक लावावं. तेव्हा एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, तीन माणसांची तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. सेकंदांना हसू नका. १९८९ साली फ्रान्सची तीन हजार किलोमीटरांहून लांबीची शर्यत ग्रेग लेमाँडनं आठ सेकंदांनी जिंकली होती.

बाजूच्या वाऱ्याचं मात्र शर्यतीइतकंच रोजच्या सरावातही भान ठेवायला हवं. घाटातल्या वळणांवर वारा दिशा बदलतो. डोंगराच्या आडोशातून दरीच्या बाजूला बाहेर आलं की एकदम झोत लागतो. त्यात जुन्या रस्त्यावर ट्रक. ट्रक अंगावरून जाताना आधी हवा ढकलते आणि मग ओढते. खोल रिमला हा झोत धरायला जास्त पृष्ठभाग मिळतो. मागच्या चाकावर तो आला तर सायकल थोडी सरकते, एवढंच. पुढच्या चाकावर आला तर हँडल फिरतं. आणि दरी फार दूर नसते. म्हणून बरेच जाणते स्वार पुढे उथळ आणि मागे खोल रिम लावतात. दिसायला ती जोडी विजोड दिसते खरी. पन्नास-पंचावन्न किलोच्या हलक्या मुलामुलींनी तर पुढे खोल रिम लावताना दहादा विचार करावा. झोत तेवढाच असतो, आणि त्याला आवरायला अंगात वजन कमी असतं.

आता एक गोष्ट, जी मुंबईहून शर्यतीला येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो घाट चढतो आणि पुण्याला जातो. खोपोलीचा, खालापूरचा किंवा कर्जतचा मुलगा सरावासाठी घाट चढतो आणि घरी यायला तोच घाट उतरतो. रोज. वीजकेंद्राच्या पाण्याचा आकडा आठवा. ऐंशी किलोचं ओझं जवळपास पाचशे मीटर खाली येतं तेव्हा त्यातून निघणारी ऊर्जा साधारण लिटरभर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. वेगानं उतरलं तर तिचा मोठा भाग वारा घेऊन जातो. पण ट्रकांमधून, वळणांवर, जपून उतरणाऱ्याच्या बाबतीत त्यातला बराच भाग ब्रेकमध्ये जिरतो. ज्या सायकलीचे ब्रेकचे रबर थेट रिमवर दाबतात, तिथं ही सगळी उष्णता रिममध्ये. अ‍ॅल्युमिनियम ती पसरवतं आणि हवेला देऊन टाकतं. कार्बनच्या रिममध्ये धागे असतात आणि त्यांना बांधणारं राळेसारखं द्रव्य असतं. ते उष्णता पसरू देत नाही, एका जागी साठवतं आणि फार तापलं की मऊ पडतं. रिमची भिंत फुगली, ट्यूब फुटली, असे प्रकार लांब उतारांवर झालेले आहेत. पावसात तर अशा रिमवर ब्रेक लागायलाच उशीर होतो, आणि खोपोलीचा पाऊस कसा असतो हे मी सांगायला नको.

डिस्क ब्रेक आले आणि हा धोका बराच टळला, कारण ब्रेक हबपाशी लागतो, रिम थंड राहते. जागतिक सायकलिंग संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकना २०१८ मध्ये कायमची मान्यता दिली. पण आपल्याकडे गरजू मुलाच्या हाती येते ती बहुधा कुणी तरी वापरून विकलेली सायकल, आणि तिला जुन्या पद्धतीचे ब्रेक असतात. त्यावर स्वस्तात मिळालेली, कुठल्या कारखान्याची ते कळत नसलेली कार्बनची खोल चाकं चढवायची आणि बोरघाट उतरायचा, हे मला मुळीच पटत नाही. दिसायला रुबाबदार असतं, हे मान्य. साठच्या रिमचा रस्त्यावर जो पोकळ घूं-घूं आवाज येतो तो ऐकला की मागच्याचं मन अर्धं हरतं, असं एका जुन्या स्पर्धकानं मला सांगितलं. आवाजाला वॅट नसतात, पण शर्यतीत मनाला असतात, हे त्याचं म्हणणं.

घरच्या बाजूनंही पाहायला हवं. या भागात कारखान्यात पाळी करणाऱ्या, शेतीवर असणाऱ्या, फार्महाउसवर काम करणाऱ्या घरांतली मुलं सायकलच्या शर्यतीत उतरतात. अशा घरात चाकांसाठी चाळीस-पन्नास हजार रुपये काढणं म्हणजे कुणाच्या तरी फीला किंवा घराच्या पत्र्याला हात घालणं. आणि त्या पैशांत मिळतं काय? टोळीच्या आडोशात बसलेल्याला पठारावरच्या अर्ध्या मिनिटातलं फारच थोडं. तेवढ्या रकमेत चांगले टायर, दोन वर्षांच्या ट्यूब, चांगलं हेल्मेट, महिनोन्‌महिन्यांची अंडी-दूध-केळी आणि बाहेरगावच्या दोन-चार शर्यतींचं भाडं भागतं. चांगल्या टायरनं जमिनीचा अडथळा जेवढा कमी होतो, तेवढा फायदा रिमच्या वीस मिलिमीटरांतून मिळायला कष्ट पडतात, हेही गिऱ्हाइकाला दुकानात क्वचितच कुणी सांगतं. दुरुस्तीचंही आहेच. छत्तीस स्पोकच्या चाकातला एक तुटला तर डुगडुगत का होईना, घरी येता येतं आणि गावातला मिस्त्री आउट काढून देतो. वीस स्पोकच्या चाकातला एक तुटला की चाक ब्रेकला, कधी सांगाड्यालाही घासायला लागतं. कित्येक खोल रिमांत निपल आतच लपवलेले असतात; पाव फेरा द्यायचा तरी टायर उतरवावा लागतो.

खोलीची ही चढाओढ आता वरूनच थोडी आवरली गेली आहे. जागतिक संघटनेनं १ जानेवारी २०२६ पासून, एकत्र सुटणाऱ्या रस्त्यावरच्या शर्यतींत रिमच्या खोलीला पासष्ट मिलिमीटरची कमाल मर्यादा घातली. कारण सुरक्षिततेचं दिलं आहे. त्याच महिन्यात पुणे जिल्ह्यात अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, ती या नव्या नियमाखाली. बोरघाटात मर्यादा पासष्टची असो की नसो, मला विचाराल तर खोपोलीहून सरावाला निघणाऱ्यानं पहिली जोडी अ‍ॅल्युमिनियमची, पंचवीस-तीस मिलिमीटरची घ्यावी, स्पोक अठ्ठावीसच्या खाली जाऊ देऊ नयेत, आणि पुढे पठारावर एकट्यानं निसटण्याइतका दम आलाच, तर मागचं एकच चाक खोल करून पाहावं.

आणि ते घेतलंच, तर दुकानात उभं असतानाच लांब व्हॉल्व्हची ट्यूब मागून घ्यावी. पन्नासच्या रिममध्ये साधी ट्यूब घातली तर व्हॉल्व्हचं तोंड रिमच्या पोटातच राहतं, आणि चौकच्या पुढे पंक्चर झाल्यावर हातात पंप असूनही भरायला जागा सापडत नाही.